ऐंशी टनांचा राक्षस आणि पाच चिमुकल्या बंदुका

डोळे मीट आणि एक राक्षस समोर आण. लोखंडाचा! उंची तीन-चार मजल्यांची, दोन पायांवर उभा. वजन किती? ८० टन. वीसेक हत्ती एकाच तराजूत घातले, तर होईल तेवढं!

तो धावत येतोय. ताशी ८६ किलोमीटर! जमीन थरथरतेय, खिडक्या खडखडताहेत.

आता ओळख पाहू, त्याच्याकडे हत्यारं कोणती असतील? तोफा? रॉकेटं? आग ओकणारी नळी?

चूक! पाच छोट्या लेसर बंदुका. संपलं. आणि त्यांचा पल्ला तरी किती असावा? ९० मीटर! विरार लोकलचे चार-साडेचार डबे झाले की यांचा जोर खलास.

नाव मोठं, लक्षण खोटं! या राक्षसाचं नाव आहे चार्जर. घाबरू नकोस, तो खरा नाही. तो राहतो एका पटावर. सोंगटी आहे ती!

१९८४ साली अमेरिकेत शिकागोच्या ‘फासा’ नावाच्या कंपनीने एक युद्धखेळ काढला. आज त्याला बॅटलटेक म्हणतात. यात राक्षसी यंत्रमानव एकमेकांशी लढतात. (खरं तर प्रत्येकाच्या आत एक माणूस बसून तो चालवत असतो, म्हणून रोबो म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पण आपण म्हणूया, मजा येते.) पटावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. एक घर म्हणजे ३० मीटर. एक डाव म्हणजे १० सेकंद. दोन फासे टाकायचे आणि भिडायचं!

या खेळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट लढाई नाहीच. हिशेबाची वही! हो, खरंच. प्रत्येक रोबोचं एकूण वजन आधीच ठरलेलं असतं. त्या वजनात सगळं बसवायचं. एक किलोही जास्त चालत नाही.

चार्जरची वही उघडूया? पेन्सिल घे.

लोखंडी सांगाडा ८ टन. चालकाची केबिन ३ टन. पडू नये म्हणून तोल सांभाळणारं यंत्र ४ टन. अंगावरचं चिलखत १० टन. पाच लेसर बंदुका, प्रत्येकी अर्धा टन, म्हणजे अडीच टन. बेरीज कर. साडेसत्तावीस!

मग ८० मधले उरलेले साडेबावन्न टन गेले कुठे?

इंजिनात! सगळेच्या सगळे इंजिनात!

सहलीला बाईंनी सांगितलंय, पाठीवरचं ओझं पाच किलोच्या वर नको. आणि तू नुसती पाण्याची बाटलीच सव्वातीन किलोची घेतलीस. मग डबा कुठे ठेवणार? चार्जरचं अगदी तस्संच झालं. पळायला इतका जोर भरला, की लढायला काही उरलंच नाही. शत्रूपाशी पोचायचं झटकन, आणि पोचल्यावर करायचं काय? लाथ मारायची, नाहीतर धडक द्यायची! त्यातही गंमत बघ. खेळाच्या नियमानुसार धडक दिली की समोरच्याला लागतं, आणि देणाऱ्यालाही लागतं!

पण थांब, खरी जादू पुढे आहे.

चार्जर एका डावात पाच घरं चालतो आणि आठ घरं धावतो. कुणीतरी विचार केला, पाचाच्या ऐवजी चारच घरं चालला तर? एकच घर कमी! मग धावेल सहा घरं, म्हणजे ताशी साधारण ६५ किलोमीटर. इतकं काही वाईट नाही. त्यासाठी इंजिन किती टनांचं लागेल, सांग बरं? पन्नास? पंचेचाळीस?

साडेबावीस!

एक घर सोडलं आणि ३० टन मोकळे झाले! ३० टनांत काय काय येईल! भली मोठी तोफ, जाड चिलखत, वर सुटे गोळे. चार्जरचे पुढे असे सुधारलेले अवतार निघालेसुद्धा. सगळं वजन खात होता तो शेवटचा थोडासा वेग.

हे नुसतं खेळातलं नाही हं. भुईगावच्या किनाऱ्यावर वारा समोरून येत असताना सायकल चालवून बघ. हळू चालवताना काही वाटत नाही. पण आहे त्याहून थोडासाच जास्त वेग काढायला गेलं, की मांड्या बोंबलायला लागतात!

आता दुसऱ्या टोकाचा गडी बघ. याचं नाव अर्बनमेक. मला हा भारी आवडतो. वजन फक्त ३० टन. दिसतो कसा? कचऱ्याच्या डब्याला पाय फुटल्यासारखा! गोलमटोल, वर घुमटासारखं झाकण. खेळणारे लोक त्याला प्रेमाने कचऱ्याचा डबाच म्हणतात. आपल्या भाषेत हा पक्का लिंबूटिंबू.

याचं इंजिन किती टनांचं असेल? दीड! आणि तोफ? बारा टनांची!

म्हणजे इंजिनाच्या आठपट जड तोफ घेऊन हा बुटका चालतोय. चालतोय म्हणजे काय, रांगतोयच म्हण ना. कितीही जीव खाऊन धावला तरी ताशी ३२ किलोमीटर. उसेन बोल्ट शंभर मीटर ९.५८ सेकंदांत धावला, म्हणजे ताशी साडेसदतीस किलोमीटरच्या वर. एक माणूस चड्डी-बनियनवर या रोबोला मागे टाकेल!

एवढ्यावर भागलं नाही. कुणाला तरी वाटलं, बारा टनांची तोफ कमी पडतेय. मग त्याने चिलखत खरवडून काढलं आणि १४ टनांची आणखी मोठी तोफ बसवली. तिच्यासाठी गोळे किती उरले? पाच! पाच वेळा ढिश्श्यांव, की संपला खेळ. मग काय, शत्रूकडे रागाने बघत उभं राहायचं.

पण या बुटक्याला हसण्याआधी एक विचार कर. हा बनवलाय शहरासाठी. नालासोपारा पूर्वेला तुळींजच्या गल्ल्या आठव. दोन्ही बाजूंना चार-चार मजली चाळी, समोर वळण, वळणापलीकडे आणखी एक वळण. इथे ताशी ८६ किलोमीटरने धावून चार्जर जाणार कुठे? भिंतीत! उलट लिंबूटिंबू वळणामागे गप्प उभा राहील. कुणी कोपऱ्यावरून डोकं काढलं रे काढलं, की धडाम्! धावायची गरजच काय त्याला?

जपानी लोकांनी तर याहून चक्रम रोबो काढले. १९७९ साली तिथे टीव्हीवर गंडाम नावाची कार्टून मालिका आली. तिच्यावरून पुढे खेळण्यांचे डोंगर उभे राहिले आणि युद्धखेळही निघाले. त्यात बॉल नावाचं एक यंत्र आहे. नावाप्रमाणेच गोल! पाय नाहीतच. डोक्यावर एक तोफ आणि पुढे दोन किडमिडे हात. दुसरा एक आहे झॉक. त्याचं पुढून जे रूप, तेच मागून! पाठ नावाची गोष्टच नाही. मागे वळायचंच नाही, मग पाठ हवी कशाला? लपाछपीत हा कुणाला धप्पा देऊ देणार नाही बघ.

बरं, असा एखादा राक्षस खरोखर बांधता येईल का?

गंडाम मालिकेतला मुख्य रोबो १८ मीटर उंच आहे. आपण असं करू, तुलाच १८ मीटर करू! समज, तुझी उंची दीड मीटर आहे आणि वजन ४० किलो. दीडचे अठरा करायचे, म्हणजे बारापट. मग वजनही बारापट होईल ना? ४८० किलो?

इथेच सगळे फसतात! घरातले सापशिडीचे, ल्युडोचे सगळे फासे गोळा कर. आठ तरी हवेत. कमी पडले तर शेजारून आण. आधी एकच फासा टेबलावर ठेव. हा झाला छोटा रोबो. आता त्याच्या दुप्पट उंच फासा रच. पण दुप्पट उंच, दुप्पट रुंद आणि दुप्पट खोलही हवा, नाहीतर त्याचा आकार बिघडेल.

किती फासे लागले? आठ! उंची दुप्पट, पण वजन आठपट. आता खाली वाक आणि टेबलाला किती फासे टेकलेत ते मोज. चारच! आठांचं ओझं चारांच्या पायांवर. प्रत्येकाच्या डोक्यावर एक फासा जास्तीचा बसलाय.

इटलीच्या गॅलिलिओने हे १६३८ साली पुस्तकात लिहून ठेवलंय. प्राणी मोठा करायचा तर हाडं नुसती लांब करून चालणार नाही, बेढब जाड करावी लागतील, असं त्याने चित्र काढून दाखवलं.

आता तुझ्याकडे परत येऊ. बारापट उंच, बारापट रुंद, बारापट जाड. बारा गुणिले बारा गुणिले बारा. १,७२८! म्हणजे वजन ४८० किलो नाही, तर ६९ टन! पण तुझे तळवे मोठे झाले फक्त १४४ पट. म्हणजे तळव्याच्या प्रत्येक बोटभर जागेवर आधीच्या बारापट भार. तू आत्ता उभं राहा आणि समज, तुझ्याएवढीच आणखी अकरा मुलं तुझ्या डोक्यावर चढून बसलीत. राहशील उभं? गुडघेच म्हणतील, आम्ही चाललो!

मग जपानात योकोहामाला १८ मीटरचा हलणारा गंडाम उभा केला, तो कसा राहिला? हो, खरोखर उभा केला होता! डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ लोक तो बघायला जात होते. तो पाय उचलायचा, हात हलवायचा, बोटंसुद्धा हलवायचा. पण फोटोत नीट बघ. त्याच्या कमरेला मागून एका मजबूत आधाराने पकडून ठेवलेलं असायचं. वजन जमिनीवर कमी आणि त्या आधारावर जास्त! लहान बाळ पांगुळगाड्याला धरून चालतं ना, तसा तो भलामोठा योद्धा.

आणि २०१७ साली अमेरिका आणि जपान यांच्या आत माणूस बसवलेल्या रोबोंची खरीखुरी झुंज झाली, तेव्हा काय दिसलं? जपानचा कुरातास चाकांवर, अमेरिकेचा ईगल प्राइम रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर! चालत कुणीच आलं नाही. पायांची हौस पटावर, लढाईला मात्र चाकं.

समज, तुझे गुडघे टिकले. तरी एक अडचण आहेच, आणि ती आपल्या वसईवाल्यांना चांगली ठाऊक आहे. चिखल!

नायगावच्या मिठागरांच्या बांधावरून खाली पाय टाकलाय कधी? एका पायावर तुझा भार दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम पाव किलो. तरी चप्पल आत राहते आणि पाय बाहेर येतो! मोठ्या रणगाड्याच्या पट्ट्यांखाली हाच भार साधारण एक किलो असतो. इतकं अवजड धूड, पण पट्टे लांबरुंद, त्यामुळे ओझं पसरतं. आणि अठरा मीटरचं तू एका पायावर उभं राहिलं की? तीन किलो! रणगाड्याच्या तिप्पट. पहिलं पाऊल टाकशील आणि घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत आत. दुसरं पाऊल टाकायला पहिलं बाहेर तर यायला हवं!

थट्टा वाटतेय? हे एकदा खरंच घडलंय. रशियात!

पहिल्या महायुद्धात लेबेडेंको नावाच्या रशियन अभियंत्याने एक अजब युद्धगाडी काढली. पुढे सायकलसारखी आऱ्यांची दोन चाकं. किती मोठी? नऊ मीटर! तीन मजली इमारतीएवढं एकेक चाक. आणि मागे? एक बारकुडं चाक, जेमतेम दीड मीटरचं. अशी ती उलटी तीनचाकी.

सांगतात, की त्याने आधी लाकडाचं, चावीवर चालणारं छोटं खेळणं करून रशियाच्या झारला दाखवलं. राजाने महालाच्या फरशीवर जाडजूड पुस्तकं मांडली. खेळणं तुरुतुरु पुस्तकांवर चढलं आणि पलीकडे उतरलं! राजा खूश. घे पैसे, बांध खरी गाडी!

खरी गाडी ऑगस्ट १९१५ मध्ये रानात तपासायला काढली. मोठी चाकं फिरली, एक झाड काडीसारखं मोडलं. सगळे टाळ्या वाजवायला निघाले, तेवढ्यात मागचं बारकुडं चाक मऊ मातीत रुतलं. ओढलं, ढकललं, इंजिनं गरगरवली. ढिम्म! ती गाडी तिथेच राहिली. एक-दोन दिवस नाही, १९२३ पर्यंत! मग तुकडे करून भंगारात काढली.

खेळणं चढलं आणि गाडी रुतली. का, ते तुला आता सांगायला नकोच. फासे आठव!

असा राक्षसी हट्ट आपल्याकडेही झालाय. १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एक तोफ ओतली गेली. मुलुखमैदान! ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. वजन जवळजवळ ५५ टन. एकटी तोफ जवळपास आपल्या दोन अर्बनमेकांएवढी जड! तोंड जबडा उघडलेल्या सिंहासारखं, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा इवलासा हत्ती कोरलेला. नळीचं भोक सत्तर सेंटीमीटर. आत गुडघे पोटाशी घेऊन तू आरामात बसशील!

पण ती हलवायची कशी? परंड्याच्या किल्ल्यातून ती विजापूरला नेली, तेव्हा चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते, असं सांगतात. चारशे बैल! त्यांना वाटेत वैरण किती लागली असेल, कुणी मोजलं का? मला तर तोफेपेक्षा त्या बैलांना हाकणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. आजही ती विजापुरात बुरुजावर बसलीय. आणि १८५४ साली ती लिलावात अवघ्या १५० रुपयांना गेली होती. नशीब, की सौदा रद्द झाला!

मग प्रश्न येतो, की राक्षसाशिवाय भक्कम किल्ला घ्यायचा कसा?

याचं उत्तर आपल्याच वसईत आहे. किल्ला बघितलायस ना? दोन शतकं तो पोर्तुगीजांकडे होता. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल, कोरडी वाट फक्त उत्तरेकडून. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने त्याला वेढा घातला. भिंती जाड, वरून तोफांचा आणि पेटत्या गोळ्यांचा मारा. अशा जागी अवजड धूड पुढे ढकलणं म्हणजे आपणहून रुतून बसणं.

मराठे भुईखालून गेले! वाळूत चर खणत खणत भिंतीजवळ पोचले. मग बुरुजांच्या पायाखाली सुरुंग खणले. माणूस वाकून जेमतेम शिरेल अशा अंधाऱ्या वाटा. वर पहारेकरी, खाली कुदळ मारणारा माणूस, मध्ये फक्त माती! दारू भरली, बत्ती दिली आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाला भगदाड पडलं. ती लढाई सोंगट्यांची नव्हती, दोन्हीकडची खूप खूप माणसं त्यात गेली. मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पुढच्या वेळी गेलास किंवा गेलीस, की मोठ्यांना विचारून तो सेबॅस्टियनचा बुरुज कुठला ते शोध.

आणि आजचे खरेखुरे फौजी रोबो? तेही ऐक. १५ जानेवारी २०२५ ला पुण्यात लष्कर दिनाचं संचलन झालं. त्यात जवानांबरोबर रोबोही चालत होते. चार पायांचे! उंची किती? तुझ्या कमरेएवढीसुद्धा नाही. टुकटुक टुकटुक पावलं टाकत रांगेत चाललेले, कुत्र्यासारखे दिसणारे. त्यांना म्हणतात म्यूल, म्हणजे खेचर. सामान वाहायचं, अवघड जागी आधी जाऊन बघून यायचं, हे यांचं काम. छोटे आहेत म्हणूनच त्यांना पाय परवडतात! फाशांचा हिशेब उलटा लाव की. उंची निम्मी केली, तर वजन आठवा हिस्सा आणि पाय मात्र चौथा हिस्सा. किती हलकं हलकं वाटत असेल त्यांना!

चल, आता चौकटीची वही काढ. तुझा ३० टनांचा रोबो वसईच्या मिठागरांत लढायला उतरणार आहे. सांगाडा ३ टन, केबिन ३, तोल सांभाळणारं यंत्र १, इंजिन दीड. उरले साडेएकवीस. त्यात तोफ, गोळे, चिलखत, काय हवं ते बसव. आणि हो, रुतू नये म्हणून पायांत भलेमोठे पसरट बूट घालायचे असतील, तर त्यांचंही वजन लिही. फुकट काही नाही! विरारमधल्या माझ्या शेजारच्या एका चिमुरडीने साडेएकवीसच्या साडेएकवीस टन बुटांवरच उडवले. तोफ नाही, चिलखत नाही, रोबो मात्र चिखलावर बदकासारखा डुलत उभा!